'शाब्बास' म्हणताना कारणही सांगा

वहीत नुसतं 'छान' लिहिलं की मूल खूश होतं, पण पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही. तिसरीतल्या मुलीने हातच्याच्या वजाबाकीत ५ खोडून वर ४ लिहिला असेल, तर त्या आकड्यावरच बोट ठेवा : "इथे ५ चे ४ केलेस ना, म्हणून उत्तर बरोबर आलं." आणि हे तिथल्या तिथे सांगा. चार दिवसांनी तिला ते गणितही आठवणार नाही.

'किती हुशार आहेस!' हे मात्र टाळाच. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेली पाचवीतली मुलं अपयश येताच लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली नेटाने सोडवत राहिली.

लाजरी मुलं सगळ्यांसमोर टाळ्या वाजल्या की अवघडतात. त्यांच्या बाकाशी जाऊन हळूच सांगा. सारखा जागेवरून उठणारा मुलगा मात्र आपल्याला उठल्यावरच दिसतो. तो खाली मान घालून लिहीत असेल तेव्हा त्याच्याजवळ थांबा, "आज सलग लिहितोयस, दोन ओळी पुढे गेलास" एवढं म्हणा आणि पुढे चला.