लागोसमध्ये सिम आणि डेटा घेताना हिशेब कसा करावा

लागोसच्या आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या फोनचा खर्च मीच बघते. त्यामुळे नायजेरियात नव्याने आलेला प्रत्येकजण "कुठलं सिम घेऊ?" हे मलाच विचारतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: दोन घ्या, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. इथले लोकही वर्षानुवर्षं हेच करत आलेत.

इथले निम्म्याहून जास्त ग्राहक एकट्या एमटीएनकडे आहेत. मग एअरटेल, ग्लो, आणि बरीच मागे पूर्वीची नाइनमोबाइल, जिचं नाव २०२५ मध्ये टीटू झालं. पहिलं सिम पहिल्या दोघांपैकी एकाचं घ्या. दुसरं घ्यायच्या आधी तुमच्याच बिल्डिंगमधल्या माणसाला विचारा, कारण रेंज गल्लीगणिक बदलते. राहायला आलेल्या परदेशी माणसालाही सिमसाठी एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय ओळख क्रमांक, लागतो. त्याचा अर्ज लगेच करून टाका.

आता दर. जाहिरातीतल्या जीबीकडे बघण्याआधी मुदत बघा. समजा एक प्लॅन १,५०० नायरात २ जीबी, ३० दिवस. दुसरा ८०० नायरात दीड जीबी, पण ७ दिवस. जीबीमागे दुसरा स्वस्त दिसतो. पण तुमचा महिन्याचा वापर २ जीबीच असेल, तर तो चार वेळा घ्यावा लागेल, ३,२०० नायरा जातील आणि उरलेला डेटा मुदतीबरोबर संपेल. म्हणून आधी महिनाभराचा वापर फोनच्या सेटिंगमध्ये बघा आणि मगच प्लॅन निवडा. उरलेला डेटा *३२३# वर कळतो.

"हजार भरा, पाच हजार मिळवा" अशा बोनसचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात कमी पगाराची माणसं सापडतात. अशा योजनांत मिनिटाचा दर बहुतेकदा चढा असतो. पडताळायला एकच मिनिट लागतं: *३१०# वर शिल्लक लिहून घ्या, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट बोला, परत शिल्लक बघा. जो फरक येईल तो तुमचा खरा दर. दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर फोन लावून हेच पुन्हा करा.

कॉलचा दर इथे कसा उतरला, तेही माहीत असावं. २००१ मध्ये जीएसएम, म्हणजे आजची मोबाइल सेवा, सुरू झाली तेव्हा बिल मिनिटावर व्हायचं. दहा सेकंद बोललात तरी अख्ख्या मिनिटाचे पैसे. ऑगस्ट २००३ मध्ये ग्लो आली ती सेकंदाप्रमाणे बिल घेऊनच. मग बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. उलट जानेवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक एनसीसीने ५० टक्क्यांपर्यंत दरवाढीला मंजुरी दिली, आणि त्यानंतर एमटीएनचा १५ जीबीचा आठवड्याचा प्लॅन २,००० वरून थेट ६,००० नायरांवर गेला. लोक भडकले, कंपनीने माफी मागितली. म्हणून वाढीच्या बातमीतला टक्का आपल्या प्लॅनला लागू होईल असं धरून चालू नका. *३१२# वरची यादी दर महिन्याला नव्याने वाचा.

एक कंपनी नकोशी झाली तर नंबर तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं, ही सोय २०१३ पासून आहे. नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जायचं आणि ३२३२ वर पोर्टचा मेसेज पाठवायचा. फार कमी लोक हे करतात. मला वाटतं, अधिक लोकांनी करायला हवं.

पैसे झिरपण्याच्या जागा वेगळ्याच असतात. बँकेचं काम यूएसएसडीवर, म्हणजे * आणि # वाले कोड लावून, केलं तर दर १२० सेकंदांना ६.९८ नायरा जातात, आणि जून २०२५ पासून ते तुमच्या एअरटाइममधून, म्हणजे फोनच्या शिलकीतून, कापले जाऊ लागले, अ‍ॅप वापरा. न मागता चालू झालेल्या सेवा बंद करायला ३०५, जाहिरातींचे मेसेज थांबवायला २४४२. एअरटाइम उसना घेण्याचा *३०३# शक्यतो टाळा, त्यावर शुल्क बसतं.

पैसे चुकीचे कापले गेले तर आधी ३०० वर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा. काही झालं नाही तर एनसीसीचा ६२२ लावा. तिथे आधीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी असू द्या.