गिअरबॉक्सची गळती: डाग खाली, दोष वर

गाडीखाली लालसर डाग दिसू लागले. बोटाला तेलकट लागलं, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नव्हे, बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. माझा पहिला संशय गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या पॅनच्या गॅस्केटवर, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीवर. पण तेल ओघळत खाली येतं, गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. ओलं दिसेल तिथेच गळती असते असं नाही. खालचा भाग ब्रेक क्लीनरने लख्ख पुसला, थोडी गाडी चालवली, मग भक्कम स्टँडवर चढवून टॉर्चने सर्वांत वरची ओल शोधली. गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लॅम्पपाशी चीर गेली होती! तेलासाठीचीच नवी नळी आणि नवे क्लॅम्प बसवले, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा दिसला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.