विमानात फोन तापू नये म्हणून

उंचीवर हवेचा दाब घटतो आणि त्यामुळेच फोनची बॅटरी तापते, असा तर्क हमखास मांडला जातो. प्रत्यक्षात केबिनमधील दाब फार तर 2,400 मीटर उंचीवरील हवेइतका उतरतो, आणि सुमारे 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये माणसे रोज फोन वापरतात. 2016 मध्ये अमेरिकेने सॅमसंगचा गॅलेक्सी नोट 7 हा फोन विमानात नेण्यास बंदी घातली, त्यामागचे कारणही उंची नव्हते, तर बॅटरीच्या घडणीतच दोष होता.

खरी काळजी घ्यायची ती सीटची. झोपेत फोन फटीत घसरतो, आपण तो शोधण्यासाठी सीट मागेपुढे करतो, आणि खालच्या लोखंडी यंत्रणेत फोन चिरडून बॅटरीतील पातळ पडदा फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. म्हणून सीट मुळीच न हलवता कर्मचाऱ्यांना बोलवावे.

चार्जिंगला लावलेला फोन पांघरुणाखाली ठेवू नये. फोनची पाठ फुगलेली दिसत असेल किंवा स्क्रीनची कड उचलली गेली असेल, तर तो प्रवासाला नेऊच नये. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, कारण सामानाच्या कक्षातला धूर कोणाच्याही लगेच लक्षात येत नाही.

फोनमधून धूर निघालाच, तर त्याला हात न लावता तत्काळ कर्मचाऱ्यांना सांगावे. आग विझल्यावरही ते त्यावर पाणी ओतून तो थंड करतात. बर्फ मात्र कधीही ठेवू नये, कारण त्याच्या थरामुळे उष्णता आतच कोंडते.