कोडवर सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर बदलू नका: जुन्या पेट्रोल गाडीतल्या या चुका टाळा

स्कॅनरवर ज्या सेन्सरचं नाव आलं तोच खराब, हा समज जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत महागात पडतो. पी०१७१ हा बिघाडाचा कोड घ्या. त्याचा अर्थ हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे मिश्रण पातळ आहे. ही बातमी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर देतो आणि बऱ्याचदा ती खरी असते, तरी बदलला जातो तोच. मूळ कारण तुंबलेला फ्युएल फिल्टर किंवा थकलेला पंप असू शकतं. सेन्सरच्या आधीचा एक्झॉस्टचा जॉइंट फुटला असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. नवा सेन्सरही तेच सांगणार.

कोड न लिहिताच बॅटरी काढणं

बॅटरीची तार काढली की डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा विझतो, पण त्यासोबत कोड, बिघाडाच्या क्षणाच्या नोंदी आणि ईसीएमनं (इंजिनच्या कॉम्प्युटरनं) शिकलेली आयडलिंगची सेटिंगही बहुतेक गाड्यांत पुसली जाते. आधी सगळं लिहून घ्या. भारतात ओबीडी (गाडीनं स्वतःचे बिघाड नोंदवण्याची यंत्रणा) टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं ते एप्रिल २०१० पासून. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सॉकेट सोळा पिनांचंच असतं, पण प्रोटोकॉल (स्कॅनरशी बोलायची भाषा) कंपनीचा स्वतःचा. स्वस्त ब्लूटूथ अॅडॉप्टर तिथे जोडलाच जात नाही. त्यावरून ईसीएम गेला असं ठरवू नका, त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजात जा.

अर्थिंग न तपासणं

इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात कपलरच्या (वायर जोडायच्या प्लगच्या) पिनांवर हिरवा थर चढतो. तो काँटॅक्ट क्लीनरनं काढा. उंदरांनी कुरतडलेली वायर कपलरपाशीच असेल असं नाही, वायरिंगच्या नळीत आतही असू शकते, म्हणून नळी उघडूनच बघा.

एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले, तर सगळे सेन्सर एकदम गेलेले नसतात. थ्रॉटल आणि मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) बहुधा एकच ५ व्होल्टची लाइन जाते, एक शॉर्ट झाला की दोघांचेही कोड येतात. एकेक कपलर काढत जा. जो काढल्यावर लाइनवर ५ व्होल्ट परत येतात, शॉर्ट त्याच्यातच. कुणाचाही कपलर काढून फरक पडला नाही, तर वायरिंग शोधा.

कूलंट टेम्परेचर सेन्सर: सर्वांत जास्त गोंधळ इथेच

लक्षणं ठरलेली: मायलेज घसरतं, काळा धूर येतो, गरम गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते. मीटरचा काटा बरोबर दाखवतोय म्हणून सेन्सर ठीक, असं मानू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा एका वायरचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा दोन वायरांचा वेगळा असतो.

सकाळी थंड इंजिनावर, स्टार्ट करण्याआधी, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर पाहा. दोन्हींत पाचेक अंशांपेक्षा जास्त फरक नको. मग कपलर काढा. रीडिंग उणे ४० च्या आसपास जायला हवं. कपलरच्या दोन पिना छोट्या वायरनं जोडल्या की ते १२० च्या वर जायला हवं. दोन्ही झालं तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, दोष सेन्सरचा. (काही ईसीएम कोड येताच गृहीत तापमान दाखवू लागतात, म्हणून बदल लगेच टिपा.) बहुतेक जपानी आणि बॉश सेन्सरांचा रेझिस्टन्स २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. पिना जोडायची ही युक्ती तीन वायरांच्या सेन्सरवर कधीच करू नका. ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होते.

आणि कृपा करून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू नका. गाडी तापते म्हणून तो फेकणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे. पण मग इंजिन ८० अंशांपर्यंत नीट पोचत नाही, ईसीएम थंड इंजिन समजून जादा पेट्रोल सोडत राहतो आणि आळ सेन्सरवर येतो. नुसतं पाणी भरल्यानं सेन्सरच्या टोकावर गंज बसतो. पातळी उतरली की टोक वाफेत राहतं आणि रीडिंग खोटं येतं.

मॅप सेन्सर जागेचा दाब न बघता बाद करणं

किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरनं त्या जागेचा हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६. गरम इंजिन आयडलिंगला असताना तो साधारण ३० ते ४० वर उतरतो. उतरत नसेल तर आधी व्हॅक्यूम पाइप आणि टायमिंग बेल्ट पाहा. बेल्टचा एक दात सरकला तरी व्हॅक्यूम पडतो. मॅपवाल्या गाडीत हवा गळली की ईसीएम दाब वाढलेला पाहून पेट्रोलही वाढवतो, त्यामुळे पातळ मिश्रणाच्या कोडऐवजी बऱ्याचदा आयडलिंगच चढतं.

गार झालेला क्रँक सेन्सर तपासणं

गरम गाडी बंद पडते, अर्ध्या तासानं सुरू होते आणि गॅरेजात सगळं ठीक निघतं. बंद पडलेल्या क्षणीच स्कॅनर लावून सेल्फ मारा. इंजिन फिरत असून आरपीएम शून्य दिसला, तर संशय क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) किंवा त्याच्या वायरवर. टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसून पुन्हा बघा. दोन पिनांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो, तीन पिनांच्या हॉल सेन्सरचा मोजू नका. त्याचा फक्त सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघा.

सीएनजी किट असेल तर या सगळ्या तपासण्या पेट्रोलवर करा. किटचा रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) किंवा ट्यूनिंग बिघडलं की पातळ मिश्रणाचा कोड सीएनजीवरच येतो आणि पेट्रोलवर तोच ऑक्सिजन सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झपाझप वरखाली होताना दिसतो. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सर नाही, किटवाला गाठा.