फाल्गुन-चैत्रात लेकरांसोबत काय बनवाल

मी वर्ध्याजवळच्या एका गावात बालवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांची लेकरं. फेब्रुवारी संपत आला की आया विचारायला लागतात, "ताई, घरी काय करून घेऊ याच्याकडून?" तोवर बऱ्याच घरांत दुकानातून हस्तकलेचा डबा आलेला असतो. थर्माकोलचे गोळे, चमकी, कापायला अवघड असे जाड कागद. मग आई कापते, बाबा चिकटवतात आणि लेकरू शेजारी बसून बघतं. माझं सांगणं आहे की तो डबा कपाटात ठेवा, एक कापडी पिशवी घ्या आणि सकाळी उन्हं चढायच्या आत लेकराला घेऊन बाहेर पडा. या दिवसांत झाडांखाली जे पडलेलं असतं त्यातच सगळं सामान आहे. झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलंच उचलायचं, हे निघतानाच सांगून ठेवा. लेकरं हा नियम मोठ्यांपेक्षा कडक पाळतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम उभं केलं. तिथे माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतूनच साधनं तयार केली. पळसाचं फूल हातात घेतलेलं लेकरू पाहिलं की ती निवड किती बरोबर होती ते मला दरवर्षी नव्याने पटतं.

काय बनवायचं हे वस्तू बघून ठरवू नका, लेकराचा हात बघून ठरवा. तीन वर्षांच्या हाताला फाडणं, बुडवणं, दाबणं, ठसा मारणं जमतं. चारच्या पुढे ओवणं आणि बोटाने खळ लावणं येतं. बोथट कात्रीने सरळ कापायला पाच उजाडतं, आणि दोऱ्याची गाठ त्याहून उशिरा. खाली सांगितलेलं प्रत्येक काम मी याच हिशोबाने निवडलं आहे.

आधी खळ करून ठेवा, कारण ती सगळीकडे लागते. दोन चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत चकचकीत होईपर्यंत शिजवा. चिमूटभर मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, ती लेकरांच्या खळीत अजिबात नको, ते विष आहे. साधी खळ दोन दिवस टिकते, तेवढी पुरे.

पळसाचा रंग

आमच्याकडे या दिवसांत शेताचे बांध आणि रस्त्यांच्या कडा पळसाने पेटलेल्या असतात. झाडावर पान नसतं, नुसती केशरी फुलं. दोन-तीन ओंजळी फुलं गोळा करा. फुलाच्या मागे काळपट, मखमली टोपी असते, ती लेकराकडून काढून घ्या. चिमटीत धरून ओढली की निघते, आणि हे काम तीन वर्षांचं मूलही तासभर कंटाळा न करता करतं. घाई करू नका. बोटांच्या चिमटीची हीच ताकद पुढे पेन्सिल धरायला लागणार आहे.

पाकळ्या पातेल्यात घालून वर बुडेपर्यंत उकळतं पाणी तुम्ही ओता आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी गार झालेल्या पाण्यात लेकराचे हात घालू द्या. पाकळ्या कुस्करणं आणि पिळणं हा त्याच्या दृष्टीने सगळ्यात आनंदाचा भाग असतो. मग जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. पिवळसर केशरी पाणी मिळेल. ते तीन वाट्यांत वाटा. एक तशीच ठेवा, दुसरीत तुरटीची चिमूटभर पूड टाका, तिसरीत चिमूटभर खायचा सोडा. तुरटीचा पिवळा उजळतो, सोड्याचा केशरी गडद होतो. हे लेकरासमोर करा, पण समजावायला जाऊ नका. "काय झालं?" एवढंच विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका.

कागदावर हा रंग फिका उतरतो. एक हात वाळला की त्यावर दुसरा, असे दोन-तीन हात द्यावे लागतात. म्हणून मला हा रंग कापडावर जास्त आवडतो. जुन्या पांढऱ्या सुती धोतराचा किंवा मांजरपाटाचा रुमालाएवढा तुकडा घ्या. कोरं मांजरपाट असेल तर आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा, नाहीतर रंग धरत नाही. एक लिटर पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवून कापड त्यात तासभर भिजवा आणि पिळून घ्या. आता लेकराला कापडात एकेक हरभरा ठेवू द्या. तो ठेवेल, वरून कापड चिमटीत धरेल, आणि खालून दोरा तुम्ही गुंडाळा. पाच-सहा वर्षांचं मूल रबरबँड स्वतः गुंडाळू शकतं. असे जमतील तेवढे हरभरे बांधून कापड कोमट रंगात बुडवा, चांगलं दोनेक तास. मग सावलीत वाळवा आणि वाळल्यावर दोरे सोडा.

दोरे सोडायची वेळ लेकरू जागं आणि पोटभरलेलं असताना निवडा. एकेक गोल उघडतो तेव्हा त्याला सगळ्यांना हाका मारायच्या असतात. हा रंग पक्का नाही, उन्हात आणि धुण्यात उतरत जातो, हे आधीच सांगून ठेवा. धुताना साबण लावू नका, नुसत्या पाण्यातून काढा. उरलेलं पाणी रंगपंचमीला पिचकारीत भरा. फुलं जास्त मिळाली तर सावलीत कडकडीत वाळवून डब्यात ठेवली की पुढेही याच रीतीने रंग निघतो.

अगदी लहानांसाठी याच फुलाचा पोपट करता येतो. फुलातली वाकडी, टोकदार पाकळी चोचीसारखी असते. कागदावर खळ लावून हिरव्या पानाचं अंग, पाकळीची चोच, कोळशाने डोळा. पाच मिनिटांचं काम आहे.

हळदीचा कागद

हे ज्या दिवशी बाहेर जाता येत नाही त्या दिवशी करायचं. दोन चमचे हळद अर्धी वाटी पाण्यात कालवा आणि जाड पांढऱ्या कागदावर लेकराला हाताने सारवू द्या. खाली जुनी चटई घाला, अंगात जुने कपडे, कारण हळदीचा डाग हट्टी असतो. कागद वाळला की अंगाच्या साबणाची वडी थोड्या पाण्यात घोळवून दाट पाणी करा. हँडवॉश घेऊ नका, बहुतेक वेळा त्याने काही होत नाही. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्या पाण्यात बुडवायचा आणि पिवळ्या कागदावर रेघ ओढायची. रेघ लाल उमटते. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं ते याच गुणामुळे. आजी घरात असेल तर तिला शेजारी बसवा, ती कुंकवाची गोष्ट तुमच्यापेक्षा छान सांगेल. लाल रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी होते, आणि मग लेकरू तासभर उठत नाही. साबणाचे हात डोळ्याला लागू नयेत म्हणून ओला फडका जवळ ठेवा.

मातीच्या चाकोल्या

विदर्भात होळीच्या आधी लेकरं शेणाच्या चाकोल्या थापतात, मध्ये भोक पाडून वाळवतात आणि त्यांच्या माळा होळीत टाकतात. शहरात शेण मिळत नाही, आणि मिळालं तरी काही घरांत नको वाटतं. मातीच्या करा. फक्त आमच्याकडची काळी माती एकटी वापरू नका, ती वाळताना तडकते. दोन वाट्या चाळलेली काळी माती, एक वाटी बारीक रेती आणि मूठभर कुटार म्हणजे धान्याचा भुसा असं पाण्यात कणकेसारखं मळून तासभर ओल्या फडक्याखाली ठेवा. कुटार नसेल तर वाळलेलं गवत बारीक कापून घाला. कुंभाराकडची तयार माती मिळाली तर उत्तमच.

लिंबाएवढा गोळा, दोन तळव्यांत दाब, मध्ये पेन्सिलीने भोक. भोक थोडं मोठंच पाडा, वाळल्यावर आकसतं. गोल, चांदणी, पान, नारळ, जे सुचेल ते. एका मुलीने आमच्याकडे माळभर नुसते डोळेच केले होते, आणि ती माळ सगळ्यांत सुंदर होती. चाकोल्या सावलीत वाळू द्या. थेट उन्हात ठेवल्या तर वाकड्या होतात. रोज एकदा उलटवायचं काम लेकराचं. खडखडीत झाल्या की गेरू पाण्यात कालवून बोटाने लावायचा, त्यावर तांदळाच्या पिठीचे पांढरे ठिपके द्यायचे आणि सुतळीत ओवायच्या. सुतळीच्या टोकाला खळ लावून वाळवलं की ते कडक होतं, सुईची गरज राहत नाही.

काटेसावरीची गुढी

काटेसावरीची लाल, मांसल फुलं धपकन खाली पडतात आणि बऱ्याच फुलांना मागची जाड हिरवी वाटी तशीच असते. ती वाटी उलटी धरली की लहानशा गुढीवर ठेवायचा कलश तयार. फुलं पाडव्याच्या आधीच संपत येतात, म्हणून वाट्या मिळतील तेव्हा वेचून सावलीत वाळवून ठेवा. शहरात काटेसावर सापडली नाही तर मातीची वाटी लेकराकडूनच करून घ्या. प्लॅस्टिकचं झाकण मला रुचत नाही, पण पाडवा उद्यावर आला असेल तर तेही चालवून घ्या.

फूटभर काडी घ्या, खराट्याची जाड काडी चालते. खणाचा किंवा जुन्या साडीच्या काठाचा वीतभर तुकडा लेकराला घड्या घालायला द्या. एक घडी पुढे, एक मागे, हे पाच वर्षांच्या मुलाला जमतं. त्याहून लहान असेल तर चुरगळू द्या, तशीही गुढी छान दिसते. कापड, कडुनिंबाचा डहाळा आणि आंब्याचं पान दोऱ्याने काडीच्या टोकाला बांधायचं काम तुमचं. वर वाटी उलटी बसवायची. गुढीला घालायच्या गाठीच्या माळेसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाणी मळून छोटे चपटे गोल करा, भोक पाडून वाळवा, ओवा. हा मिठाचा गोळा तोंडात जाऊ देऊ नका. खरी साखरेची गाठी हातात दिली की त्याकडे लक्षही जात नाही. गुढी कुंडीतल्या मातीत रोवून लेकराच्या उंचीला उभी करा.

आंब्याची कोवळी तांबूस पानं तोरणाला घेऊ नका, ती लगेच कोमेजतात. जून हिरवी घ्या आणि देठ तोडल्यावर येणारा चीक पुसून टाका, कातडीला जळजळ होते.

चैत्रात माझी आई अंगणात चैत्रांगण काढायची. लहान मुलांना कोरडी रांगोळी देऊ नका, ती श्वासात जाते आणि बोटांतून सुटतही नाही. पाटीला किंवा पुठ्ठ्याला गेरू लावा आणि तांदळाच्या पिठीत पाणी घालून दाट पेस्ट द्या. बोट टेकवून ठिपके, ठिपक्यांचा सूर्य, कासव, आणि मुठीची कड टेकवून वर बोटांचे ठिपके दिले की गौरीचं पाऊल. भेंडी आडवी कापून त्याच पिठीत बुडवली तर फुलांची रांगच्या रांग उमटते.

काय उचलायचं नाही ते घरून निघताना दाखवा. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असते आणि ती विषारी आहे, तिच्या माळा मुलांच्या हातात देऊ नका. कण्हेर आणि धोतरा तसेच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार इजा होते. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर हरभरे आणि बिया काम झालं की मोजून डब्यात.

पिंपळाची जाळी

हे सगळ्यात सावकाश होणारं काम आहे आणि मला सगळ्यात लाडकं. नवी तांबूस पालवी यायच्या आधी पिंपळ जुनी पानं टाकतो. त्यातली न फाटलेली, जाड पानं निवडा. बादलीत पाणी घालून पानं बुडवा, वर दगड ठेवा आणि तोंड घट्ट कापडाने बांधा, नाहीतर डास होतात. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. वास येतो, म्हणून बादली मागच्या दारी ठेवा. साधारण तीन-चार आठवड्यांत पानाचा गर मऊ पडतो. तपासायला एक पान बोटांत चोळून बघा. गर सहज सुटला नाही तर आणखी आठवडाभर थांबा, जोर लावला तर शिरा तुटतात.

मग ताटात उथळ पाणी घेऊन पान त्यात पसरा आणि जुन्या, मऊ टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हलकेच घासा. पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला हे जमतं, फक्त पान तुम्ही धरा. एक-दोन पानं फाटतील, म्हणून भिजवताना दुपटीने घाला. जाळी उघडी पडली की पाणी निथळून दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवा, वर जाड पुस्तकं, आणि दोन दिवस हात लावू नका. वाळलेली जाळी पळसाच्या उरलेल्या रंगात बुडवता येते किंवा तशीच काळ्या कागदावर देठाला थेंबभर खळ लावून चिकटवता येते. पूर्ण पानाला खळ लावू नका, जाळी बुजते.