रंगमंचासाठी धुराचे यंत्र निवडताना

फॉग मशीन विकत किंवा भाड्याने घेण्याआधी दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार यांनी एकत्र बसून धूर नेमका कशासाठी हवा आहे हे ठरवावे, कारण ‘धूर हवा’ एवढ्या मागणीतून तीन निरनिराळ्या गरजा निघू शकतात. दिव्यांचे झोत हवेत उठून दिसावेत एवढेच अपेक्षित असेल, तर विरळ आणि एकसारखा थर बराच वेळ टिकवणारा हेझर घ्यावा. आगीच्या किंवा स्फोटाच्या प्रसंगाला दाट लोट लागतो आणि तो साध्या फॉग मशीनमधून मिळतो. जमिनीलगत सरपटणारे धुके हवे असेल, तर धूर थंड करून सोडणारे यंत्र किंवा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो. ड्राय आइसचे तापमान सुमारे उणे 78.5 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे तो उघड्या हातांनी धरू नये. शिवाय त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो आणि रंगमंचावर आडव्या पडलेल्या नटाला गुदमरवू शकतो. हवा खेळती नसलेल्या सभागृहात मी तो सुचवणार नाही.

साध्या यंत्रात पंप ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण तापलेल्या धातूच्या नळीतून ढकलतो, त्याची वाफ होते आणि नॉझलबाहेरच्या हवेत आल्यावर तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. आपण ज्याला धूर म्हणतो तो हाच. प्रत्येक लोटाबरोबर हीटर थोडा थंड होतो आणि तापमान ठरावीक मर्यादेखाली गेले की यंत्र पुन्हा तापेपर्यंत धूर सोडत नाही. पहिला लोट बहुतेक यंत्रांचा देखणा असतो, पण भरवसा ठरतो तो तिसऱ्या-चौथ्या लोटावर. म्हणून चाचणी घेताना नाटकात जितक्या अंतराने धूर हवा आहे तितक्याच अंतराने बटण दाबत राहावे आणि ‘तयार’ असल्याचा दिवा विझल्यापासून पुन्हा लागेपर्यंत किती सेकंद जातात ते लिहून ठेवावे. 400 वॅटचे छोटे यंत्र लहान खोलीला पुरते. वारंवार लोट हवे असतील तर 1000 वॅट किंवा त्याहून मोठे यंत्र पाहावे. त्याची जोडणी डिमरवर, म्हणजे दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, मुळीच करू नये, थेट वीजपुरवठ्यावर करावी.

द्रव निर्मात्याने सांगितलेलाच वापरावा. त्यात अत्तर किंवा तेल मिसळल्यास नळी चोंदते आणि श्वासालाही त्रास होतो. लोट थांबल्यावर नॉझलच्या टोकाशी काही गरम थेंब जमतात, ते फळीवर पडतात आणि तेथे बुळबुळीत डाग तयार होतो, म्हणून यंत्र नटांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, विंगेत आत ठेवावे.

सभागृहातील धूरसूचक यंत्रणा नाट्यधुरानेही वाजू शकते. याबाबत व्यवस्थापनाशी आधीच बोलावे. ती परस्पर बंद करू नये. रंगीत तालीम वातानुकूलन आणि पंखे प्रयोगासारखेच चालू ठेवून घ्यावी, कारण वाऱ्याचा एक झोत विंगेतला सगळा धूर प्रेक्षकांत नेऊ शकतो. दम्याचा त्रास असलेल्या कलावंतांना आणि गायकांना त्याच तालमीत विचारावे, आणि त्यांनी धूर कमी करण्यास सांगितल्यास तो कमी करावा.