किचनमध्ये भाजलं तर आधी नळ गाठा

उकळतं तेल हातावर उडालं की बहुतेक जण फडक्याने पुसतात आणि पुन्हा कढईकडे वळतात. ऑर्डर थांबली तरी चालेल, पण भाजलेला भाग लगेच नळाच्या गार, वाहत्या पाण्याखाली धरा. तोही पूर्ण २० मिनिटं. वेळ घड्याळावर मोजा, कारण आग जरा कमी झाली की हात काढून घ्यायचा मोह होतोच. लगेच जमलं नसेल, तरी भाजल्यापासून ३ तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो.

पाणी चालू असतानाच अंगठी, कडं, घड्याळ काढून टाका. एकदा सूज चढली की ते निघत नाही. तेलाने भिजलेला कपडा उतरवा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, लोणी यातलं काहीही लावायचं नाही. फोड फोडू नका. नंतर स्वच्छ क्लिंग फिल्म (अन्न झाकायचा पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद) भाजलेल्या भागावर नुसती ठेवा, गुंडाळू नका.

चेहरा, तळहात किंवा सांधा भाजला असेल तर थेट डॉक्टर.

आणि गरम भांडं उचलायला ओलं फडकं कधीच नको. ओल्यातून उष्णता क्षणात हाताला लागते आणि भांडं सुटतं.